एकाच पॅडवर रस्ता आणि ट्रॅक? वाचकांचे ब्रेकविषयीचे प्रश्न

ट्रॅकवर गाडी न्यायची म्हटलं की टायर आणि एक्झॉस्टची चर्चा आधी सुरू होते आणि ब्रेकची आठवण पहिल्या दिवशीच्या दुपारी येते. यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे ब्रेक पॅडचेच (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्यांचे) होते, म्हणून हे सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. रोज पुण्यात ऑफिसला, महिन्यातून एकदोनदा घाटात आणि वर्षातून दोनदा चेन्नईच्या ट्रॅकवर. ट्रॅकवर हीच गाडी चालवत नेतो. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालेल असा एक पॅड कोणता? मित्र म्हणतात, सरळ रेसिंगचेच पॅड टाक, घाटातही उपयोगी पडतील. (पुणे)

तुमच्या मित्राच्या बोलण्यात एक गफलत आहे. ती आधी दूर करू, कारण ती फार जणांच्या डोक्यात असते. घाटाचं काम आणि ट्रॅकचं काम एक नाही.

हिशोब करून बघा. गाडी आणि माणसं मिळून १२०० किलो धरू. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. इंजिनाची काहीच मदत घेतली नाही, सगळा उतार ब्रेकवरच उतरलात, तरी वीस मिनिटांत ब्रेकमधून सरासरी ५ ते ६ किलोवॅट उष्णता बाहेर पडते. आता ट्रॅक. १४० वरून ६० वर यायला एका ब्रेकला सुमारे ७४० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. एका फेरीत असे चार ब्रेक आणि फेरीला सव्वादोन मिनिटं धरली, तर सरासरी २२ किलोवॅट होते. घाटाच्या चौपट, आणि तीही धक्क्याधक्क्याने येणारी. यातला साधारण ७० टक्के भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो. पाच-पाच किलोच्या डिस्क असतील तर एकेका ब्रेकला त्यांचं तापमान शंभरेक अंशांनी चढतं. सरळ रस्त्यावर वारा लागून त्यातलं थोडं उतरतं, तोवर पुढचं वळण येतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीत डिस्क ४५०-५०० अंशांवर गेली तर त्यात नवल नाही.

घाटासाठी कंपनीचे चांगल्या अवस्थेतले पॅड, वेळेवर बदललेलं ब्रेक ऑइल आणि दुसरा-तिसरा गिअर पुरतो. घाटात पॅड जळाल्याचा वास येत असेल तर बहुतेक वेळा दोष पॅडचा नसतो, उतारभर पेडलवर ठेवलेल्या पायाचा असतो.

पॅडचे ढोबळ तीन गट समजून घ्या. कंपनीचे पॅड पहिल्या सिग्नलपासून धरतात, आवाज करत नाहीत, डिस्क जपतात. पण साधारण ३५० ते ४०० अंशांपुढे त्यांच्यातले कण बांधून ठेवणारी रेझिन विघटित व्हायला लागते आणि पकड घसरते. मधला गट ‘फास्ट रोड’ पॅडचा. थंड असताना पकड पुरेशी, ५०० अंशांपर्यंत किंवा थोडं वर निभावून नेणारे, धूळ जास्त, थोडी कुरकुर. फेरोडोचा डीएस २५०० किंवा ईबीसीचा यलोस्टफ याच पट्टीतले. तिसरा गट निव्वळ ट्रॅकचा. सातशे अंशांनाही हे पॅड डगमगत नाहीत, पण सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांना हवी तशी ऊब नसते.

आणि ऊब नसते म्हणजे फक्त ‘कमी लागतात’ एवढंच नाही. गरम असताना पॅडचा पातळ थर डिस्कवर चढतो आणि पकड थरावर थर घासून मिळते. ट्रॅकचा पॅड थंड असताना हा थर टिकत नाही. पॅड कानसीसारखा डिस्क खरवडतो, आधीच बसलेला थरही काढून टाकतो. डिस्क झिजते, किंचाळते, चाकांवर गंजाळ धूळ बसते. पावसाळ्यात, एक्स्प्रेसवेवर तासभर ब्रेकला पायच लागलेला नाही आणि समोर अचानक ट्रक आडवा आला, तर पहिल्या ब्रेकला पॅड थंड आणि ओला असतो. तिथे मला ट्रॅकचा पॅड नको आहे. तुमच्या गाडीतही नको आहे.

तुमच्यासाठी माझं मत स्पष्ट आहे : दोन संच ठेवा. पुण्याहून चेन्नई हजार किलोमीटरहून जास्त आहे. तो सगळा प्रवास कंपनीच्या किंवा फास्ट रोड पॅडवर करा, ट्रॅकचा संच डिकीत न्या, पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) बदला आणि निघण्याआधी परत बदला. सवय झाली की पुढच्या दोन चाकांना पाऊण तास लागतो. दोन संच जमणार नसतील तर मधल्या गटातला पॅड घ्या आणि ट्रॅकवर सलग चार-पाच फेऱ्यांहून जास्त जोर लावू नका. मधे एक फेरी ब्रेकशिवाय थंड होण्यासाठी द्या. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आणि १२ वळणांचा आहे. तिथे पोलोला हे जमतं. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर नाही जमणार. तिथल्या किलोमीटरभराहून लांब सरळ पट्ट्यानंतर १४०० किलोची, जास्त ताकदीची गाडी २०० वरून ८० वर आणायची तर एकाच ब्रेकला १.८ मेगाज्यूल लागतात. तिथे मधला गट कमी पडतो.

अजून एक. चांगल्या पॅडने थांबायचं अंतर कमी होईल ही आशा धरू नका. पहिल्या ब्रेकला कंपनीचा पॅडही एबीएस (चाकं लॉक होऊन घसरू न देणारी यंत्रणा) चालू करतो. त्यापुढे टायरची हद्द. चांगला पॅड घ्यायचा तो विसावा ब्रेक पहिल्यासारखा लागावा म्हणून.

प्रश्न : ट्रॅकवर दुसऱ्या सत्रात चौथ्या फेरीला पेडल थेट खाली गेलं. दोनतीनदा पंप केल्यावर थोडं वर आलं. गॅरेजवाले म्हणतात पॅड खराब, महागडे टाका. पॅड निम्मे शिल्लक आहेत. (नाशिक)

पॅडवर पैसे घालू नका, निदान आधी नको. तुमचं ब्रेक ऑइल उकळलं आहे.

दोन बिघाड पायाला वेगळे जाणवतात, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावं. पॅड तापून हरला तर पेडल उंच आणि टणक राहतं, तुम्ही जीव खाऊन दाबता पण गाडी मंदावत नाही आणि जळका वास येतो. ऑइल उकळलं तर पेडल स्पंजासारखं मऊ होतं किंवा तळाला जातं, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पंप केल्यावर वर येणं ही त्याचीच खूण. (तिसरा प्रकार क्वचित दिसतो : जोरात वळणानंतर किंवा कडेच्या कर्बवरून गेल्यावर पहिला दाब लांब आणि दुसरा नेहमीसारखा. तिथे चाकाचं बेअरिंग ढिलं आहे का ते बघा. डिस्क हलून पॅडना मागे ढकलते.)

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ (डॉट म्हणजे ऑइलची प्रत) चा किमान उत्कलनबिंदू नवा असताना २३० अंश, पण साडेतीन टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की १५५. डॉट ३ चा २०५ वरून १४० वर येतो. डॉट ५.१ चा २६० वरून १८० वर. ट्रॅकसाठी बनवलेल्या डॉट ४ ऑइलचे आकडे वेगळेच असतात. मोट्युलच्या आरबीएफ ६०० चा कोरडा (पाणी मुरण्याआधीचा) उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. तुमच्या पत्रात ऑइल शेवटचं कधी बदललं त्याचा उल्लेखच नाही आणि सर्व्हिस बुकातही नोंद सापडणार नाही असं मला वाटतं. आपल्याकडे ब्रेक ऑइल ‘कमी झालं तर टाकायचं’ अशीच पद्धत आहे. तीन-चार पावसाळे काढलेल्या ऑइलने ट्रॅकवर जाणं पॅडच्या कुठल्याही चुकीपेक्षा धोक्याचं आहे.

करायचं काय? अर्ध्या लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या घ्या. लिटरभरात पूर्ण ऑइल बदलून होतं. जुनी उघडलेली बाटली कितीही भरलेली असली तरी वापरू नका. ब्रेक ऑइलच्या टाकीतलं जुनं काळं ऑइल आधी सिरिंजने काढा, नवीन भरा, मग मास्टर सिलिंडरपासून (पेडलने दाबला जाणारा मुख्य सिलिंडर) सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून जवळच्या चाकाकडे या. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे मॅन्युअल बघाच. ब्लीडरला (चाकाजवळच्या, ऑइल सोडायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावा, म्हणजे रंग बदललेला आणि बुडबुडे थांबलेले दिसतात. टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या ठोकळ्यात हवा शिरली तर ती काढायला स्कॅनर लागतो. डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल आहे. नाव ५.१ च्या जवळचं असलं तरी ते तुमच्या गाडीत चालणार नाही. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलतो.

पॅडचा यात एक हात असतोच. पॅड जितका पातळ तितकी उष्णता पॅड दाबणाऱ्या पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत लवकर पोचते. रस्त्यावर ३ मिलिमीटरला बदलतात, पण ट्रॅकवर निदान ६ मिलिमीटर मसाला (पॅडचा झिजणारा थर) शिल्लक असल्याशिवाय उतरू नये.

प्रश्न : पॅडच्या कडेला ‘जीजी’ असं छापलेलं आहे. विक्रेता म्हणतो ‘एफएफ’पेक्षा हे ट्रॅकला चांगले. खरं का? (नागपूर)

अर्धवट खरं. पहिलं अक्षर थंड आणि दुसरं गरम असतानाचा घर्षणांक सांगतं : ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच त्याहून वर. पण ही चाचणी गरम म्हणते ते ट्रॅकच्या हिशोबाने कोमटच आहे, साडेतीनशे अंशांच्या आतबाहेर. ५५० अंशांना तो पॅड काय करतो हे अक्षरं सांगत नाहीत. ते कंपनीच्या घर्षण-तापमान आलेखातच दिसतं. आलेखात उंच शिखर शोधू नका, सपाट रेघ शोधा. पायाला भरवसा देते ती सपाट रेघ.

प्रश्न : ट्रॅकहून परतल्यापासून १०० च्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकडी झाली म्हणतात. लेथवर घासून घेऊ का? (कोल्हापूर)

डिस्क सहसा वाकडी होत नाही. बहुतेक वेळा तिच्यावर पॅडचा थर असमान बसतो. शेवटची फेरी जोरात मारून तुम्ही सरळ पॅडॉकमध्ये आलात, पेडल दाबून उभे राहिलात किंवा हँडब्रेक ओढलात, तर तापलेला पॅड एका जागी डिस्कला चिकटून बसतो आणि तिथे त्याचा ठसा उमटतो. पुढे प्रत्येक ब्रेकला ती जागा जास्त तापते आणि ठसा वाढत जातो. जाडीत ०.०२ मिलिमीटरचा फरकही स्टिअरिंगवरच्या हाताला जाणवतो.

घासण्याआधी मोजा. मायक्रोमीटरने काठापासून १० मिलिमीटर आत, आठ ठिकाणी जाडी घ्या. डायल गेजने डिस्कची लटपट बघा. ती ०.०५ मिलिमीटरच्या आत हवी. जास्त असेल तर डिस्क उतरवून हबचा गंज घासून काढा, ती परत मोजा. आपल्या दमट हवेत अर्धे दोष इथेच निघतात. ठसा ताजा असेल तर ८० किंवा १०० नंबरच्या पॉलिशपेपरने दोन्ही बाजू घासून पॅड नव्याने बसवले की थरथर जाते. पण डिस्क ६५०-७०० अंशांपुढे जाऊन निळसर कठीण डाग पडले असतील, तर त्या जागी लोखंडाची घडणच बदललेली असते. लेथवर घासूनही ते डाग पुन्हा उठतात. तेव्हा डिस्क बदलाच. तसंच डिस्कच्या मधल्या भागावर कोरलेली किमान जाडी वाचा. लेथवर घासून त्याखाली गेली तर काय उपयोग? केसासारख्या उथळ भेगा ट्रॅकवर चालतात, काठापर्यंत पोचलेली एकही भेग चालत नाही. आणि भोकं पाडलेल्या डिस्क ट्रॅकला नेऊ नका. भेगा भोकांपासूनच सुरू होतात.

पुढच्या वेळी शेवटची पूर्ण फेरी ब्रेकला जवळजवळ पाय न लावता मारा. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. पाचेक मिनिटांनी गाडी हातभर पुढे ढकला, म्हणजे पॅड एकाच जागी तापत राहत नाही.

प्रश्न : दोन संच वापरायचे तर दर वेळी बेडिंग करावं लागतं का? आणि कुठे करायचं? (ठाणे)

बेडिंग म्हणजे पॅडचा थर डिस्कवर एकसारखा बसवून घेणं. पॅड आणि डिस्कची जोडी बदलली की ते करावं लागतं. एका पॅडचा थर दुसऱ्याला मानवतोच असं नाही. शक्य असेल तर दोन्ही संच एकाच कंपनीचे, एकाच कुळातले घ्या. नाहीतर ट्रॅकसाठी डिस्कची स्वतंत्र जोडी ठेवा. साध्या डिस्क पॅडपेक्षा फार महाग नसतात. हेही नको असेल तर प्रत्येक बदलाला डिस्क पॉलिशपेपरने घासा आणि ब्रेक क्लीनरने पुसा.

बेडिंग सार्वजनिक रस्त्यावर, एक्स्प्रेसवेवर तर मुळीच करू नका. मागच्याला तुम्ही का थांबताय ते कळत नाही. ट्रॅकच्या पॅडचं बेडिंग ट्रॅकच्या पहिल्या सत्रातच करा. पहिली फेरी हलक्या ब्रेकने. मग १०० वरून ४० पर्यंत, एबीएस चालू होणार नाही इतक्या जोराने, आठ-दहा ब्रेक. एकदाही पूर्ण थांबायचं नाही. त्यानंतर १२० वरून ५० पर्यंत चार-पाच. मधेच कधीतरी पकड ढासळल्यासारखी वाटेल आणि वास येईल. नव्या पॅडमधली रेझिन बाहेर पडतानाचा तो पहिला ‘फेड’ आहे. तेव्हा जोर वाढवू नका, वेग कमी करा. मग एक फेरी ब्रेकशिवाय आणि वीस मिनिटं विसावा. डिस्कवर एकसारखी निळी-करडी झाक दिसली की झालं. पट्टे दिसले तर अजून एक आवर्तन.

बदलताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतलं ऑइल थोडं काढत नाहीत आणि ते बोनेटमध्ये सांडतं. कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारा भाग) रबरी होजवर लोंबकळत सोडतात. त्याला तारेने स्प्रिंगला बांधा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लायडर पिन पुसून त्यांना जास्त तापमानाचं सिलिकॉन ग्रीस लावत नाहीत, मग आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो. आणि सगळ्यांत जीवघेणी चूक म्हणजे गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत पंप न करणं. पिस्टन मागे असतो, पहिला दाब हवेत जातो आणि गाडी समोरच्या भिंतीवर. पोलोच्या चाकाच्या बोल्टला १२० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच, आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा तपासा.

प्रश्न : मागे ड्रम ब्रेक आहेत. पुढे जोरदार पॅड टाकले तर मागचेही बदलायला हवेत का? (सातारा)

बदलू नका. फक्त लायनर आणि व्हील सिलिंडर कोरडे, अॅडजस्टर चालता आणि हँडब्रेक नीट बसवलेला असू द्या. पुढची पकड वाढली की पुढची चाकं लवकर लॉक व्हायला बघतात आणि मागच्यांच्या वाट्याला काम कमी येतं. म्हणून पुढे अतिजहाल पॅड घेण्यापेक्षा मध्यम घर्षणांकाचा पण तापमान सोसणारा घ्या. उलट, मागे डिस्क असलेल्या गाडीत फक्त मागचे पॅड जहाल करणं टाळाच. ब्रेक मारता मारता वळताना गाडीची पाठ सुटते.

प्रश्न : मी श्टुटगार्टजवळ राहते. न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफेवर पर्यटक फेऱ्यांना जायचं आहे. ट्रॅकच आहे, तर ट्रॅकचे पॅड घालून जाऊ का? (जर्मनी)

ताई, पर्यटक फेऱ्यांच्या वेळी तो ट्रॅक नसतो. टोल भरून जायचा एकदिशा रस्ता असतो, आणि रस्ता वाहतुकीचे नियम तिथे लागू असतात. पॅडच्या पाठीवर ‘९०आर’ ने सुरू होणारा (युरोपातल्या आर-९० नियमाचा) मान्यता क्रमांक नसेल, तर मान्यता नसलेल्या पॅडमुळे गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवाना आणि विम्याचा दावा दोन्ही अडचणीत येतात. जाण्यायेण्याचा रस्ता तर वेगळाच. म्हणून आर-९० मान्यता असलेला फास्ट रोड पॅड, ताजं ऑइल आणि पहिली फेरी सावकाश. २०.८ किलोमीटरच्या एका फेरीत उतार आणि जोरदार ब्रेक दोन्ही आहेत. सलग दोन फेऱ्या करू नका, मधे गाडी पार्किंगमध्ये नीट थंड होऊ द्या.

प्रश्न : डिस्क खरंच किती तापते ते घरच्या घरी कसं कळेल? अंदाजावर पॅड घ्यायचा नाही. (पुणे)

हा प्रश्न सगळ्यांनी आधी विचारायला हवा होता. रेसिंगच्या दुकानात तापमान दाखवणारा रंग मिळतो. हिरवा ४३० अंशांना, केशरी ५६० ला आणि लाल ६१० ला रंग बदलतो. डिस्कच्या बाहेरच्या कडेवर, पॅड लागत नाही तिथे, तिन्हींचे छोटे पट्टे ओढा आणि एक सत्र चालवा. फक्त हिरवा बदलला तर फास्ट रोड पॅड पुरे. केशरीही बदलला तर ट्रॅकचा संच घ्या. लालही बदलला तर पॅडच्या आधी डिस्ककडे वारा नेणारी नळी आणि ब्रेक मारायची पद्धत, दोन्हींकडे बघा. लांबून हलका ब्रेक धरून ठेवण्यापेक्षा उशिरा, जोरात आणि थोडा वेळ मारलेला ब्रेक डिस्कला निवायला जास्त वेळ देतो. इन्फ्रारेड गन पॅडॉकमध्ये उभ्या गाडीवर रोखली तर आकडा फसवा येतो. तोवर डिस्क शेदोनशे अंशांनी निवलेली असते.